अंगणातील अध्यापन

लहान मुले सांभाळावयास शिक्षण कशाला हवे, असा प्रश्न आजही सर्रास विचारला जातो. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी मात्र भावनगर येथे बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर चालविले, त्यास शंभर वर्षे होत आली.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पाड्यावरील मुले बालवाडीत येत ना. धाकटी भावंडे कोणी सांभाळावीत? तेव्हा बालवाडीच झोपडीपुढील अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' ती हीच. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, म्हणून त्यांच्या जागी बिया, शिंपले, गोटे, पाने आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही निघाली.

साधने स्वस्त झाली, पण शिक्षिकेचे काम वाढले. माँटेसरीचा लाकडी ठोकळा चुकीच्या खाचेत बसतच नाही. चूक मुलाला आपोआप कळते. चिंचोका असे काही सांगत नाही. मूल पाच म्हणताना सहावा चिंचोका का उचलते, हे शिक्षिकेलाच हेरावे लागते. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात निरीक्षणाला मोठे स्थान आहे ते यासाठीच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. तो दूरशिक्षणाने, मोबाइलवरूनही घेता येईल. प्रत्यक्ष वर्ग महिन्यातून निदान एक. आमच्या मते तो एक दिवस व्याख्यानात न घालविता मुलांमध्ये घालवावा.