दारू सोडल्यानंतरचे दिवस : पाचव्या शीलाचा अभ्यास



पंचशील आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंत आपला कोणताही विधी त्यावाचून सुरू होत नाही. परंतु जे पाठ असते त्याचा अर्थ पाहायचे बहुधा राहून जाते. आजच्या पाठात आपण पाचवे शील घेऊ, आणि ते एका विशिष्ट माणसाच्या बाजूने वाचू. हा माणूस दारूच्या आहारी गेला होता. आता त्याने ती सोडली आहे. दारू वाईट असते हे त्याला व्यासपीठावरून सांगण्याची गरज नाही. ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? उद्याचा दिवस कसा काढायचा, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

प्रथम शब्द पाहू. सुरा म्हणजे पीठ, भात वगैरे आंबवून केलेले मद्य. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले. मज्ज म्हणजे मादक. तेव्हा मोहाची वेगळी, इंग्लिश वेगळी, आणि बिअर तर दारूच नव्हे, असले युक्तिवाद करायला शीलात जागा ठेवलेली नाही. पुढचा शब्द पमादट्ठान. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. ठान म्हणजे त्याचे स्थान, कारण. याच्या उलट अप्पमाद, आणि महापरिनिब्बान सुत्तातील तथागतांच्या अखेरच्या उपदेशात हाच शब्द येतो. यावरून त्याचे महत्त्व कळावे.

पण आपल्या या बंधूच्या कामाचे शब्द शेवटी आहेत: सिक्खापद आणि समादियामि. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. समादियामि म्हणजे मी ग्रहण करतो. क्रियापद प्रथम पुरुषी आहे आणि वर्तमानकाळी आहे. वरून कोणी हुकूम केलेला नाही. एकदा घेतले आणि जन्माचे काम झाले, असेही त्यात नाही. तसे असते तर दर पौर्णिमेला आपण पुन्हा का म्हटले असते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तीही 'मी' या शब्दानेच उच्चारायची आहे.

मी शाळामास्तर आहे, म्हणून वर्गातला दाखला देतो. तेराचा पाढा म्हणताना मुलगा तेरा सत्तेवर अडखळला, तर आपण त्याचे नाव पटावरून काढत नाही. तो पुन्हा तेरा एके तेरापासून सुरू करतो, आणि या वेळी सत्ता जवळ आला की सावध होतो. दारू सोडलेल्या माणसाचा पाय घसरला तर मात्र वस्ती त्याचे नाव कायमचे कापते. "गेला परत, आता याचे काही खरे नाही." तोही मग तसेच मानतो, आणि एका पेल्याचे आठ दिवस होतात. शील मोडले असेल तर ते त्याच संध्याकाळी पुन्हा ग्रहण करावे, आणि पाय कुठे घसरला ते नीट पाहावे. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांची संघटना, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन गावी सुरू झाली. तिथेही सभासदाला आयुष्यभराची शपथ घालत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, असे सांगतात. आपल्याकडेही त्यांच्या सभा भरतात. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आता शरीराविषयी. रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ निश्चयाच्या बळावर एकदम सोडणे धोक्याचे असते. पहिल्या दिवसात हात कापतात, घाम सुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. याला लोक अंगात आले, करणी झाली म्हणतात. ते साफ खोटे आहे. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. दुसरे, बायका वैतागून जेवणात गुपचूप औषध कालवतात. त्यांचे दुःख मोठे आहे, पण हे करू नये. डायसल्फिरामच्या गोळ्यांवर दारू प्यायली तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ही गोळी ज्याची त्याने, माहितीने, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते.

शरीर सावरले तरी तल्लफ राहते. पूर्वीची अड्ड्याची वेळ झाली की ती येते. पगाराच्या दिवशी येते, जयंतीच्या मिरवणुकीत येते. (बाबासाहेबांच्या जयंतीला पिऊन नाचणारे आपल्यात आहेत, हे झाकून काय उपयोग?) भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांच्या सोबतीने तर ती हमखास येते. म्हणून कामावरून सुटल्यावर आधी काही खावे, रस्ता बदलावा, पगार घरी पोहोचेपर्यंत कोणाला तरी बरोबर घ्यावे. एवढे करूनही आली, तर काय? जी. अॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तल्लफेला लाटेची उपमा दिली. लाट चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तिच्याशी झुंजू नये, तिच्या मागे वाहू नये, ती शरीरात कुठे जाणवते ते पाहावे: घशात, छातीत, हातात. सतिपट्ठान सुत्तातील वेदनानुपस्सना ज्यांना माहीत आहे त्यांना हे परके वाटणार नाही. मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिॲटल येथील तुरुंगात विपश्यना शिबिर केलेल्या कैद्यांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी त्या कैद्यांचे मद्यपान इतरांपेक्षा कमी आढळले.

सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे दिले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी क्षीण होणे. दारू सोडलेल्याने हीच यादी वहीत लिहून महिन्याच्या महिन्याला तपासावी. धन आणि घरातली शांतता लवकर फिरतात. वाण्याची उधारी फिटली की ते दिसतेच. अपकीर्ती मात्र सर्वांत उशिरा फिटते. वर्षभर न प्यायलेल्या माणसालाही गल्लीत बेवडाच म्हणतात. घरी आला की त्याचे तोंड हुंगतात. मुलगा त्याच्याकडे वह्या नेत नाही. आणि नेमके याच काळात त्याचे सायंकाळचे तास रिकामे असतात, जुने मित्र सुटलेले असतात, नवे झालेले नसतात. तो उदास राहतो याचे नवल नाही.

इथे आपले काम सुरू होते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभारले. अशा केंद्रात त्याला नेता येईल. सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. पण केंद्रातून तो परत येतो तो आपल्याच गल्लीत. विहाराच्या पंचकमिटीने त्याला भाषणात उदाहरण म्हणून उभे करू नये, आणि वर्गणीच्या वेळी त्याचे घर टाळूही नये. त्याला काम द्यावे. सतरंज्या घालणे, दिवाबत्ती, मुलांच्या अभ्यासिकेची हजेरी. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत विहाराची किल्ली त्याच्याकडे असावी.