सराव-परीक्षा घेताना मालाची पारख

गठ्ठा मोठा म्हणून माल चोख ठरत नाही. थान उलगडून, पोत चाचपून, मापून घ्यावे लागते. भोर-वेल्ह्याकडच्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना हे सांगायला नको. पण मुलांच्या शिक्षणावर पैसा लावताना ही पारख आपण दुकानातच ठेवून येतो.

आमच्याच घरची गोष्ट. भाचीसाठी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा सराव-प्रश्नपत्रिकांचा भलामोठा संच आम्ही जाहिरात पाहून घेतला. त्यात तिला भरघोस गुण पडत. खऱ्या परीक्षेत गुण खाली आले, वर्ष गेले. मग संच उलगडून पाहिला, तर तेच प्रश्न फिरून फिरून आलेले आणि वगळलेले धडेही त्यात तसेच. मुलगी खोटी नव्हती, गज खोटा होता. ती आता पुन्हा बसणार आहे. म्हणून जे शिकलो ते येथे मांडतो.

१) साल पाहा. 2024 च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातले काही धडे कमी झाले. 2021 ते 2024 या काळात 200 पैकी 180 प्रश्न सोडवायचे होते. 2025 साली नेमके 180 प्रश्न व 180 मिनिटे झाली. भौतिक 45, रसायन 45, जीवशास्त्र 90. म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी वाचावे आणि संच त्याच्याशी ताडून घ्यावा.

२) आधी नमुना, मग सौदा. मागील वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हाच अस्सल गज. विकतच्या संचातली एक प्रश्नपत्रिका मागून त्याच्याशी लावून पाहावी. उत्तराचे स्पष्टीकरण नसेल तर तो संच घेऊ नये.

३) भाषा. प्रश्नपत्रिका मराठीत व उर्दूतही मिळते, पण भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. अर्जात जी भाषा भरायची, सरावही तिच्यातच करावा.

४) सरावाची रीत. 2025 ची परीक्षा दुपारी 2 ते 5 या वेळात, कागदावर, पेनाने गोल भरून झाली. भरलेला गोल खोडता येत नाही. मोबाईलवर बोट टेकवून ही सवय लागत नाही. कागदी परीक्षा असेल तर सरावही कागदावर, त्याच वेळेला, एका बैठकीत करावा.

५) तोट्याचे खाते. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. 120 बरोबर व 30 चूक म्हणजे 480 वजा 30, गुण 450. त्याच 30 पैकी अंदाजाने मारलेले 20 सोडले असते तर 470. प्रत्येक चाचणीनंतर वहीत तीन रकाने करावेत: येत नव्हते, वाचण्यात चुकले, अंदाज मारला. वही न लिहिता दहा चाचण्या देण्यापेक्षा लिहून तीन दिलेल्या बऱ्या.

६) गुणांवर भुलू नका. 2024 च्या अंतिम निकालात 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 साली देशात पहिल्याला 686. प्रश्नपत्रिकेगणिक माप बदलते. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना नको. आपल्याच वहीत चुका कमी होतात का, ते पाहावे.

हे पाहायला बापाला शास्त्र यावे लागत नाही. रोजमेळ जमत असेल तर हेही जमते. रात्री दुकान बंद केल्यावर दहा मिनिटे मुलीची वही मागून घ्या.