दर शनिवारी घरी येऊ नकोस

आंबिवली

चि. मनाली,

शुक्रवारी संध्याकाळी इंद्रायणीनं कल्याण, तिथून टिटवाळा लोकल, आणि सोमवारी पहाटे परत पुणे, हा तुझा बेत वहिनीनं मला सांगितला. घरची ओढ लागते त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दर आठवड्याला आलीस तर सोमवार दरवेळी पहिल्या दिवसाइतकाच जड जाईल. हॉस्टेल लळा लावतं ते रविवारी, दोरीवर कपडे वाळत असताना आणि कुणाकडे तरी चिवड्याचा डबा उघडलेला असताना. त्याच दिवशी तू तिथे नसतेस. तुझी रूममेट जळगावची. तिला कुठे दर शनिवारी पळता येतं? तिला घेऊन पर्वती चढून ये.

आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्याच. 1883 मध्ये अठराव्या वर्षी, नवरा बरोबर नसताना, डॉक्टरी शिकायला बोटीनं अमेरिकेला गेल्या. पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे. फिलाडेल्फियाच्या थंडीत शिकायचं आणि आपलं शाकाहारी जेवणही आपणच रांधायचं. पण सुरुवातीला त्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी राहिल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि परक्या मुलखात हक्काचं माणूस मिळालं. तूही असं एक माणूस जोड. मेसच्या मावशी असोत की लायब्ररीतल्या बाई. दहा मैत्रिणींची घाई नको.

घरी फोन रात्री जेवणानंतर एकदाच. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवलास तर तू धड इथेही नाहीस आणि तिथेही नाहीस. (हे तुझ्या आईलाही बजावलंय. तिचा फोन जास्त असतो.)

आनंदीबाईंचं एक मात्र घेऊ नकोस. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण तब्येत तिकडेच ढासळली होती. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यातच गेल्या, बाविशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. जिद्दीच्या नावाखाली दुखणं अंगावर काढायचं नाही. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, असं झालं तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, कधीही लागतो, मराठीतही बोलतात. आणि मला कळव. अशा वेळी शनिवारची वाट पाहायची नाही, मीच निघून येईन.

तुझी,
आत्या