मोन्तोनेचें सावलीचें घड्याळ

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या पुस्तकांत इटलीचा नकाशा आपण सर्वांनीं पाहिला आहे. रोम, व्हेनिस, नेपल्स हीं नांवें आपणांस पाठ असतात. परंतु ज्या गांवाकडे आज आम्ही आपणांस घेऊन जाणार आहों, त्याचें नांव बहुतेकांनीं ऐकलेलें नसेल. तें गांव म्हणजे मोन्तोने. मध्य इटलींतील उंब्रिया प्रांतांत, पेरूजिया शहराच्या उत्तरेस, एका टेकडीच्या माथ्यावर तें वसलेलें आहे. लोकवस्ती दोन हजारांहूनहि कमी. तरीहि मराठी मनुष्यानें तेथें एकदां मनानें तरी जाऊन यावें, असें एक कारण आहे. तें आम्ही योग्य स्थळीं सांगूं. प्रथम गांव पाहूं.

मोन्तोने समुद्रसपाटीपासून सुमारें ४८० मीटर उंचीवर आहे. भोंवतीं जुना तट, आंत दगडी घरें, आणि घरांमधून चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. खालचें सुपीक खोरें सोडून लोकांनीं टेकडीवर कां बरें घरें बांधिलीं? मध्ययुगांत इटली हें एक राज्य नव्हतें. शहर शहराशीं, सरदार सरदाराशीं सदा झगडत असे. शेत खालीं व घर वर, हीच त्या काळची सुरक्षितता होती. असल्या झगड्यांतच येथील फोर्तेब्राच्चो घराण्यानें नांव मिळविलें. त्या घराण्यांतील आंद्रेआ, ज्यास लोक ब्राच्चो दा मोन्तोने म्हणत, हा सन १३६८ मध्यें जन्मला. पैसे घेऊन लढणाऱ्या सैन्याचा तो नामांकित सेनापति झाला, सन १४१६ मध्यें पेरूजियाचा धनी बनला, आणि सन १४२४ मध्यें लाक्विला शहरापाशीं पराभव पावून जखमांनीं मेला. तरवारीनें मिळविलेलें तरवारीनेंच गेलें.

गांवांतील संत फ्रान्सिसचें जुनें प्रार्थनामंदिर आतां संग्रहालय झालें आहे. तेथें बार्तोलोमेओ कापोराली ह्या चित्रकारानें सन १४८२ मध्यें रंगविलेलें मिरवणुकीचें निशाण जपून ठेविलें आहे. सांथ किंवा दुसरें संकट आलें म्हणजे असें निशाण पुढें धरून लोक प्रार्थना करीत रस्त्यांतून जात. ह्या चित्रांत पवित्र मरियेच्या चरणांपाशीं खुद्द मोन्तोने गांव काढलेलें आहे. सेनापतीनें राज्य मिळविलें व गमाविलें. सामान्य जनांनीं मात्र, आपलें गांव सुखरूप राहो, एवढेंच मागितलें.

आतां तटावरून खालीं पाहूं. दरींतून टायबर नदी वाहत आहे. हीच ती रोमची टायबर. फुमायोलो डोंगरावर उगम पावून सुमारें ४०५ किलोमीटर वाहिल्यावर ती समुद्रास मिळते. येथें ती अजून लहान आहे. कांठीं शेतें, उतारांवर जैतुनाचीं झाडें व वरच्या अंगास ओकचें रान. थोडें दक्षिणेस, नदीच्या कांठीं, ऊंबेर्तीदे नांवाचें गांव लागतें. तेथें जुना किल्ला आहे, आणि लूका सिन्योरेल्ली ह्यानें सन १५१६ मध्यें काढलेलें एक प्रसिद्ध चित्रहि आहे. परंतु ह्या गांवास दुसरीहि एक आठवण आहे. ता. २५ एप्रिल १९४४ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं टायबरवरील पूल उडविण्यासाठीं बाँब टाकिले. ते घरांवर पडले व सत्तरांहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. ज्यांच्या सुटकेसाठीं सैन्य येत होतें, त्यांच्यांतलेच हे लोक होते. युद्धाची गोष्ट सांगतांना हीहि बाजू विसरतां कामा नये, म्हणून ती आम्हीं आधीं सांगितली.

जून १९४४ मध्यें रोम दोस्त सैन्याच्या हातीं आलें. जर्मन सैन्य टेकडीटेकडीवर थांबत, लढत, उत्तरेकडे मागें सरूं लागलें. टायबरच्या वरच्या खोऱ्यांतून पुढें सरकण्याचें काम भारतीय दहाव्या डिव्हिजनकडे होतें, व पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तींत होती. ह्या पलटणींत यशवंत घाडगे नांवाचा बावीस वर्षांचा नाईक होता. त्याचें गांव पळसगांव, माणगांव तालुका, आजचा रायगड व तेव्हांचा कुलाबा जिल्हा. ता. १० जुलै रोजीं त्याच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडींतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. उभा राहिला तो एकटा यशवंत. तो तसाच धांवून गेला. हातबाँब फेंकून त्यानें मशीनगन व ती चालविणारा ह्यांस निकामी केलें, आणखी एकास गोळी घातली. बंदुकींत नव्या गोळ्या भरावयास वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांवर त्यानें बंदुकीचा दांडा चालविला. मग लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या त्यास लागल्या, आणि जी जागा त्यानें एकट्यानें घेतली होती, तेथेंच त्यानें देह ठेविला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देऊन त्याचा गौरव झाला. इटलीच्या मोहिमेंत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकीं सहा भारतीय सैनिकांनीं मिळविले. त्याच मोहिमेंत ५,७८२ भारतीयांनीं प्राण दिले. यशवंताची समाधि कोठेंहि नाहीं. ज्यांचीं थडगीं ठाऊक नाहींत अशांचीं नांवें कासीनो येथील स्मारकावर कोरलीं आहेत, त्यांत त्याचें नांव आहे.

खोऱ्यानें उत्तरेस गेलें म्हणजे चित्ता दी कास्तेल्लो हें शहर येतें. राफाएल हा जगप्रसिद्ध चित्रकार अगदीं तरुण असतां येथेंच कामें मिळवूं लागला. येथील प्रार्थनामंदिरासाठीं सन १५०४ मध्यें त्यानें काढलेलें मरियेच्या विवाहाचें चित्र आतां मिलान शहरांत आहे. तेव्हां त्याचें वय एकवीस वर्षें होतें. एका तरुणाला एकविसाव्या वर्षीं कुंचला मिळाला, दुसऱ्याला बाविसाव्या वर्षीं बंदूक. काळ कोणास काय देईल, तें आपल्या हातीं नसतें.

त्याहून उत्तरेस सान्सेपोल्क्रो आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्का ह्यानें येथील भिंतीवर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचें चित्र पंधराव्या शतकांत काढिलें. सन १९४४ मध्यें टोनी क्लार्क हा इंग्रज तोफखान्यावरील अधिकारी ह्या शहरावर मारा करीत असतां, हें नांव आपण कोठें बरें वाचलें, असा विचार त्याच्या मनांत आला. ऑल्डस हक्स्ली ह्या लेखकानें एका निबंधांत ह्याच चित्रास जगांतील सर्वोत्तम चित्र म्हटलें होतें, हें त्यास आठवलें, व त्यानें तोफा थांबविल्या. शहर वांचलें, चित्रहि वांचलें. वाचनाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

आतां डोंगर ओलांडून पूर्वेकडे गुब्बियो शहरास जाऊं. तेथें चौदाव्या शतकांतील भव्य नगरसभागृह आहे. त्यांत प्राचीन उंब्रियन भाषेंतील लेखांचे सात कांस्यपत्रे ठेविले आहेत. पण शास्त्रज्ञ येतात ते शहराबाहेरील बोत्ताच्चोने नांवाची घळ पाहण्यास. तिच्या चुनखडीच्या थरांमध्यें बोटभर जाडीचा मातीचा एक थर आहे. तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा आहे. त्याखालीं ज्या सूक्ष्म सागरी जीवांचे अवशेष विपुल आढळतात, त्यांतील बहुतेक जाती त्याच्यावर दिसतच नाहींत. ह्या मातींत इरिडियम हा दुर्मिळ धातु नेहमींहून कितीतरी अधिक आढळला. त्यावरून, एक प्रचंड अशनि पृथ्वीवर आदळून डायनोसॉरादि प्राण्यांचा नाश झाला, असें मत आल्व्हारेझ पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९८० मध्यें मांडिलें. ह्याच सुमारास आपल्या दख्खनमध्यें लाव्हाचे थरावर थर सांचत होते. त्यांतूनच सह्याद्रीचा काळा पाषाण झाला. त्या संहारांत ह्या ज्वालामुखींचाहि कांहीं भाग होता कीं काय, ह्याचा विचार शास्त्रज्ञ अजून करीत आहेत. यशवंताच्या मुलखांतील डोंगर आणि तो जेथें पडला त्या मुलखांतील घळ, हीं दोन्ही पृथ्वीच्या एकाच प्रकरणाचीं पानें आहेत.

सांगूं म्हणून ठेविलेलें कारण आतां सांगतों. जुलै २०२३ मध्यें मोन्तोनेच्या गांवकऱ्यांनीं व इटालियन इतिहासप्रेमींनीं यशवंत घाडगे ह्याचें स्मारक उभारलें. पुतळा नव्हे, स्तंभ नव्हे. तें एक चालतें सावलीचें घड्याळ आहे. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों.

हें वचन किती खरें आहे, तें गणितानें पाहूं. सावलीच्या घड्याळाचा कांटा पृथ्वीच्या आंसाशीं समांतर असावा लागतो; म्हणून त्याचा क्षितिजाशीं कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवितात. मोन्तोने येथें तो सुमारें ४३ अंश होईल. माणगांवीं सुमारें १८. दोहोंच्या रेखांशांत ६१ अंशांचें अंतर आहे. सूर्यास एक अंश सरकावयास चार मिनिटें लागतात, म्हणजे एकूण २४४ मिनिटें, चार तासांहून किंचित अधिक. माणगांवीं माध्यान्ह झाली म्हणजे मोन्तोनेस सकाळचे सुमारें आठ वाजलेले असतात. माणगांवीं वर्षांतून दोन वेळां सूर्य थेट डोक्यावर येतो. मोन्तोनेस तो कधींच येत नाहीं. सावल्या निराळ्या, वेळा निराळ्या. सूर्य मात्र तोच.

माणगांवीं यशवंताचा पुतळा आहे. तरीहि आपल्यापैकीं किती जणांस त्याचें नांव ठाऊक होतें? परक्या देशांतील दोन हजारांहून लहान गांवानें एकोणऐंशीं वर्षांनंतर त्याची आठवण ठेविली; आपणांस ती आजच्या पाठांत सांगावी लागली. ह्यांत लाज वाटून घेऊन थांबण्यापेक्षां कांहीं करावें हें बरें. सुटींत गांवीं गेलां म्हणजे चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीकडे पाहा. कोंकणांत व साताऱ्याकडे पुष्कळ गांवीं, येथून इतके पुरुष महायुद्धावर गेले, असें सांगणारी संगमरवरी पाटी असते. ती वाचा. ते कोण होते, परत आले कीं नाहींत, तें घरांतील वडील मंडळींस विचारा व वहींत उतरून घ्या. आणि अंगणांत एक काठी योग्य कोनांत, टोंक उत्तरेकडे करून रोवा. तिची सावली सरकूं लागली म्हणजे हीच घटका दूरच्या टेकडीवर चार तासांनीं येणार आहे, हें मनांत आणा.