देवळालीचे मास्तर आणि बहात्तर लाख अंकांची संख्या

मी साहित्याचा विद्यार्थी. गणिताला केव्हाच रामराम ठोकलेला. पण परवा दांडिया बाजारातल्या घरी आजोबांनी एका बिलाच्या मागे २१ लिहिलं आणि म्हणाले, "यात याचेच अंक मिळव." २१ + २ + १ = २४. म्हणजे २१ हा २४ चा जनक. "आता ३१ चा जनक शोध." अर्धा तास गेला. मी म्हटलं, "नाहीये." आजोबा म्हणाले, "सापडला नाही, की नाहीच?"

हा खेळ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा (१९०५–१९८६). डहाणूत जन्मलेले, देवळालीत शाळामास्तर. ज्या संख्येला जनक नाही ती त्यांच्या लेखी स्वयंभू. तिला देवळाली संख्याही म्हणतात. मोठी पदवी नसल्याने इथे त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी लिहिल्यावर जगाला ते कळले.

आता आजोबांचं उत्तर. जनकाचा दशकाचा अंक अ, एककाचा ब धरू. अंक मिळवल्यावर बेरीज ११अ + २ब होते. ती ३१, म्हणजे विषम, यायची तर अ विषम हवा. अ = १ घेतला तर ब = १०, आणि १० हा काही अंक नाही. अ = ३ घेतला तर ३३ तिथेच झाले. म्हणजे ३१ ला जनक नाहीच.

३१ ही मूळ संख्याही आहे, आणि २ च्या ५ व्या घातातून १ वजा करून मिळते. अशांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या सगळ्याच स्वयंभू नसतात : १२७ चा जनक १२२ आहे.

२००४ मध्ये जॉश फिंडली यांच्या संगणकावर अशीच एक प्रचंड संख्या सापडली : २ चा २४०३६५८३ वा घात वजा १. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी ती स्वयंभू असल्याचं दाखवलं.

एवढ्या संख्येला जनक नाही, हे कळणार कसं? तिच्याहून लहान सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. अंकांची बेरीज फार तर ९ गुणिले ७२,३५,७३३, म्हणजे साधारण साडेसहा कोटी. जनक असलाच तर तेवढ्याच अंतरात. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागलं की बाकी सारखीच उरते. त्यामुळे दर नवांतली एकच शक्यता राहते. म्हणजे जेवढे अंक, तेवढेच उमेदवार.

आपण साहित्यवाले दोन पुस्तकं चाळून बिनधास्त लिहितो, "हा विषय आधी कुणी हाताळलाच नाही." मीही लिहिलंय. 'नाही' म्हणण्याआधी कुठपर्यंत शोधायचं ते ठरवावं लागतं आणि तिथवर खरंच जावं लागतं, हे मला देवळालीच्या मास्तरांनी शिकवलं.

जाता जाता तुमच्यासाठी : ५३ आणि ६१, दोन्ही मूळ संख्या. यांतली स्वयंभू कोणती? बिलाची मागची बाजू पुरेल.