गाडी ऑइल खाते? आधी मोजा, मग खोला!



ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचंय किंवा ज्यांनी नुकतंच शटर वर केलंय, त्यांच्यासाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मी हात काळे करून प्रात्यक्षिक दाखवलंय. इथे तेच क्रमाने लिहून देतोय, म्हणजे प्रिंट काढून बाकड्याच्या वर भिंतीला लावता येईल.

विषय असा: जुनी टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स गाडी ऑइल खाते. आपल्याकडे अशा गाड्यांचे शौकीन बरेच आहेत. सेकंडहँड घेतात आणि जिवापाड जपतात. उदाहरणाला आपण पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस घेऊ. १७८१ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, आणि एका सिलिंडरला पाच असे एकूण २० व्हॉल्व्ह. गाडी दणकट आहे, पण वीस वर्षांत रबर रबर राहत नाही आणि ऑइल सील सील राहत नाही. त्यात कंपनीचा दोष नाही, ते वयाचं देणं आहे.

आता मला सांगा, असं गिऱ्हाईक तुमच्या दारात आलं आणि म्हणालं, "भाऊ, दर महिन्याला लिटरभर ऑइल टाकतोय," तर तुम्ही पहिलं काय कराल? दहातले बरेच जण म्हणतील, "टर्बो गेला" किंवा "इंजिन काम करावं लागेल." इथेच धंदा बिघडतो. कारण हे दोन्ही सगळ्यात महागडे अंदाज आहेत, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातून जातात.

पायरी १: खरंच किती खाते, ते मोजा

"खूप ऑइल खाते" हे माप नाही. हजार किलोमीटरला किती मिली, हे माप आहे.

गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली सम्पमध्ये उतरू द्या. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. किलोमीटर रीडिंग जॉब कार्डावर लिहा आणि डिपस्टिकचा फोटो गिऱ्हाईकाला पाठवा. ड्रेन बोल्टवर रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे मध्ये कोणी खोललं की कळेल. हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा आणि मापाच्या भांड्याने त्याच खुणेपर्यंत ऑइल भरा. जेवढं लागलं, तेवढी खपत.

एक सूचना गिऱ्हाईकाला जरूर द्या. दर अडीचशे किलोमीटरला डिपस्टिक बघायची. पातळी खालच्या खुणेला टेकली तर चाचणी पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, मोजून भरायचं आणि लिहून ठेवायचं. ऑइल कमी पडलं तर टर्बो आणि बेअरिंग दोन्ही जातील.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतची खपत चालण्यासारखी धरलेली असते. म्हणून आधी त्या गाडीचं मॅन्युअल बघा. दीडशे मिलीसाठी इंजिन उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पायरी २: जळतंय की गळतंय?

इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा, पन्नासेक किलोमीटर चालवा, मग टॉर्च घेऊन खाली झोपा. व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट, कॅम चेन टेन्शनरचं सील, ऑइल फिल्टरची बैठक, क्रँकचं मागचं सील, टर्बोच्या ऑइल पाइपचे जोड बघा. गरम एक्झॉस्टवर थेंब पडून जळत असेल तर जमिनीवर डाग दिसतच नाही, नुसता वास येतो. म्हणून "खाली काही सांडत नाही" या गिऱ्हाईकाच्या वाक्यावर थांबू नका.

इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नका. जुन्या टर्बो गाडीत तेवढं असतंच. पाइप वाकडा केल्यावर ओघळ आला, तर मात्र नोंद करा.

पायरी ३: धूर कधी येतो, ते विचारा

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो कधी येतो, यात खरं उत्तर दडलेलं असतं.

- सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन थांबतो: व्हॉल्व्ह सील. रात्रभर ऑइल वरून झिरपून सिलिंडरमध्ये जमलेलं असतं.
- घाट उतरताना गिअरमध्ये पाय सोडलेला असतो, आणि परत रेस दिली की मागे निळा ढग: व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, कधी कधी ऑइल रिंगही. पाय सोडल्यावर इंजिनात निर्वात वाढतो आणि ऑइल आत ओढलं जातं.
- चढावर जोर लावताना सतत धूर: पिस्टन रिंगचा संशय.
- सिग्नलला बराच वेळ उभी राहिल्यावर धूर सुरू होतो: टर्बो, किंवा टर्बोचं ऑइल परत जाण्याचा रस्ता.

हे संशय आहेत, निकाल नाहीत. आणि "पीयूसी पास झालीय की!" असं गिऱ्हाईक म्हणेल. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. तिथे पास झाली म्हणजे ऑइल जळत नाही, असं होत नाही.

पायरी ४: फुकटातली तपासणी, म्हणजे इंजिनाचा श्वास

हा आजच्या धड्याचा गाभा आहे, नीट वाचा.

पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये निसटतो. टर्बो गाडीत दाब जास्त, म्हणून हा गॅसही जास्त. तो बाहेर काढून परत इनटेककडे नेण्यासाठी रबरी नळ्या आणि एकतर्फी व्हॉल्व्ह असतात. त्याला आपण पीसीव्ही म्हणतो. नळी आतून चिकटली किंवा गाळाने तुंबली की गॅस कोंडतो. एकतर्फी व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो.

आता टर्बोकडे बघा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल परत सम्पमध्ये कसं जातं? पंपाने नाही, फक्त उताराने. खाली क्रँककेसमध्ये दाब कोंडला असेल तर ऑइल उतरणार कसं? ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि जळतं. धूर टर्बोतून दिसतो, पण दोष नळीचा असतो. अशा वेळी नवा टर्बो बसवला तरी तोही धूर काढणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. मोजा किंचित आत ओढला गेला किंवा जागेवर थरथरला तर ठीक. टम्म फुगला तर श्वास कोंडलाय. मग प्रत्येक नळी काढून, दाबून, फुंकून बघा. एकतर्फी व्हॉल्व्हमधून एकाच बाजूने हवा गेली पाहिजे.

पायरी ५: प्लग आणि कॉम्प्रेशन

चारही प्लग काढून क्रमाने ओळीत मांडा. एकच प्लग ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये दोष. चारही सारखेच ओले असतील तर ऑइल एकत्र वाटेने, म्हणजे इनटेकमधून येतंय.

मग कॉम्प्रेशन घ्या. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चांगला वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. लीक-डाउन टेस्टर असेल तर अजून उत्तम. हवा ऑइलच्या झाकणातून येतेय की सायलेन्सरमधून, हे कानाने कळतं.

पण एक सापळा लक्षात ठेवा. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंग. ऑइल पुसून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बनने चिकटून बसली तरी कॉम्प्रेशन छान येऊ शकतं. म्हणून "कॉम्प्रेशन चांगलंय, रिंग चांगल्या" असं लिहून देऊ नका.

पायरी ६: दुरुस्ती स्वस्ताकडून महागाकडे

१. पीसीव्हीच्या नळ्या आणि एकतर्फी व्हॉल्व्ह बदला. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं सिंथेटिक ऑइल आणि नवा फिल्टर टाका. स्वस्त ऑइल उष्णतेने लवकर उडतं आणि टर्बोत कोळसा होऊन बसतं. मग परत हजार किलोमीटर मोजा. पुढची पायरी या मापानंतरच.

२. व्हॉल्व्ह सील. या इंजिनात वीस लागतात. हेड न उतरवताही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरायचे. काम किचकट आहे, पूर्ण दिवस धरा आणि तसेच पैसे लावा.

३. टर्बो. आधी ऑइल येण्याचा आणि परत जाण्याचा पाइप काढून बघा. कोळसा भरला असेल तर पाइप बदला. मग शाफ्ट हलवा. आडवा अगदी किंचित हलला तर चालतं, पण पुढे-मागे जाणवेल इतका हलला किंवा पंख्याचं पातं घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला.

४. रिंग. हा शेवटचा दरवाजा. इंजिन उघडलं तर सिलिंडरचं माप घेतल्याशिवाय नुसत्या रिंग टाकू नका. भोक लंबगोल झालं असेल तर नव्या रिंगही ऑइल खातील.

एक केस

एक शिक्षक अशीच आरएस घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये टर्बो बदलून झाला होता. बिल मोठं, धूर तसाच. आता तिथे "इंजिन खोलावं लागेल" सांगितलं होतं. ते म्हणाले, "सर, हप्ता अजून सुरू आहे. विकून टाकू का?"

मोजलं तर हजार किलोमीटरला नऊशे मिली. हातमोजा फुग्यासारखा टम्म. इनटेक मॅनिफोल्डच्या खालची नळी ऑइल पिऊन मऊ पडली होती आणि आतून चिकटली होती. वरून बोटाने दाबल्याशिवाय कळत नव्हतं. नळ्या, व्हॉल्व्ह आणि ऑइल बदललं. पुढच्या हजार किलोमीटरला अडीचशे मिली. सकाळचा थोडा भपकारा राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह सीलही थकलेत. मी ते कार्डावर लिहून दिलं आणि सांगितलं, "घाई नाही, डिपस्टिक बघत राहा. पुढच्या वर्षी करू." गाडी विकायची गरज पडली नाही.

आता धंद्याचं बोलू

बऱ्याच जणांना वाटतं, नळी बदलून काय कमावणार? टर्बो विकला असता तर मार्जिन मोठं. हिशेब करा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावच्या दराने बदला.

तपासणी फी १५०० रुपये, नळ्या-व्हॉल्व्ह-ऑइलमागे मजुरी आणि मार्जिन ३००० रुपये. एकूण ४५०० रुपये, वेळ एक दिवस. दुसरीकडे अंदाजाने टर्बो बदलला, ८००० रुपये सुटले. आठवड्याने गाडी परत आली. आता दोन दिवस फुकट राबा, लिफ्ट अडवा, भांडण ऐका. पैसे परत द्यावे लागले तर पदरचे गेले. आणि ते गिऱ्हाईक गावभर काय सांगेल, त्याची पावती मिळत नाही.

म्हणून तीन नियम:

पहिला, निदान ही वेगळी वस्तू आहे, ती विका. डॉक्टर तपासणी फी घेतो, तर तुम्ही का लाजता? फी आधीच सांगा. "काम केलं तर फी माफ" असं म्हणू नका, कारण मग तुमचं मन काम काढण्याकडेच झुकतं.

दुसरा, प्रत्येक पायरीला लेखी होकार घ्या. जॉब कार्डावर चार ओळी पुरेत: काय तपासलं, काय सापडलं, पुढे काय, खर्च किती. काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

तिसरा, "पूर्ण बंद होईल" असं वचन देऊ नका. "नऊशेवरून कमी होईल, किती ते मोजून सांगतो" असं म्हणा. आकडा दाखवणाऱ्या मिस्त्रीवर गिऱ्हाईक पटकन विश्वास ठेवतं.

गृहपाठ

या आठवड्यात कोणतीही एक जुनी गाडी घ्या. स्वतःची, मित्राची, घरातल्या काकांची चालेल. पायरी १ सुरू करा आणि हातमोज्याची तपासणी करून बघा. सोबत तुमच्या जॉब कार्डाचा नमुना हाताने कागदावर आखा. महागडं मशीन अजून नको. मापाचं भांडं, हातमोजा, टॉर्च आणि कॉम्प्रेशन गेज एवढ्यावर सुरुवात होते.

पुढच्या व्हिडिओत बघू, तपासणी फी किती ठेवायची आणि ती पहिल्यांदा मागताना नेमकं काय बोलायचं. तोपर्यंत मोजत राहा. भेटूया!