आरशात मावलेले शहर

आज भोजनानंतर वरण वाढण्याचा स्टीलचा डाव स्वच्छ घासा आणि डोळ्यांसमोर धरा. फुगीर बाजूस तुमचा चेहरा लहान पण सुलटा दिसेल. मागचे दार, खिडक्या आणि पंगतीतले सवंगडीही त्या एवढ्याशा जागेत मावलेले असतील. आता डाव फिरवून खोलगट बाजूस पाहा. तुम्ही उलटे झालात! फुगीर बाजू म्हणजे बहिर्वक्र आरसा, खोलगट बाजू म्हणजे अंतर्वक्र. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल करणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. डाव हाती घेऊन शिकले असते तर ते गुण गेले नसते.

हाच डाव तीन मजली घराएवढा केला तर काय होईल? अमेरिकेतील शिकागो शहरात, मिलेनियम पार्क या उद्यानात, ते प्रत्यक्ष पाहता येते. तेथील ‘क्लाउड गेट’ अर्थात मेघद्वार हे शिल्प ६६ फूट लांब, ४२ फूट रुंद आणि ३३ फूट उंच असून त्याचे वजन सुमारे १०० टन आहे. ते घडविणारे अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली आपल्याच मुंबईत झाला. २०१० च्या अखेरीस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शनही भरले होते. मेघद्वाराचा आकार त्यांना पाऱ्यावरून सुचला. शिकागोचे लोक मात्र त्याला सरळ ‘बीन’ म्हणतात. आपण राजम्याचा दाणा म्हटले असते.

या दाण्याची बाहेरची बाजू बहिर्वक्र आहे. त्यामुळे उंच इमारती, रस्ता, ढग आणि समोर उभा असलेला माणूस हे सारे एकाच वेळी तिच्यात मावते. मधोमध १२ फूट उंचीची कमान आहे. तिच्याखाली गेले की वर अंतर्वक्र घुमट लागतो. त्याला ‘ओम्फॅलोस’, म्हणजे नाभी, असे नाव आहे. तेथे एका माणसाची अनेक प्रतिबिंबे होतात, कोणी लांबुळके होते, कोणी आखूड. त्या गर्दीत आपण नेमके कोठे आहोत हे शोधायला हात हलवून पाहावा लागतो.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. हे शिल्प अखंड नाही. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे वाकवून ते जोडलेले आहे. २००४ साली उद्यान खुले झाले तेव्हा काम अपुरे होते आणि सांधे स्पष्ट दिसत होते. मग त्यावर तंबू उभारून कारागिरांनी पाच टप्प्यांत सांधे घासले, समतल केले आणि चकचकीत केले. अखेर २००६ च्या मे महिन्यात शिल्पाचे रीतसर लोकार्पण झाले. आज सांधा शोधूनही सापडत नाही. ज्यांनी तो नाहीसा केला त्यांचे श्रमही त्याबरोबर दिसेनासे झाले, ही मला या शिल्पातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. काम तेवढ्यावर संपलेले नाही. लोकांच्या बोटांचे ठसे उमटतात म्हणून खालचा सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसावा लागतो.

पालकांपैकी कोणी विचारील, एवढा खर्च एका आरशासाठी? खर्च सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर झाला, हे खरे. पण तो आरसा कोणाच्या दिवाणखान्यात नाही, उद्यानात आहे आणि तो पाहायला तिकीट लागत नाही. तरीही सुरुवातीच्या काळात व्यावसायिक छायाचित्रकारांकडे परवाना मागितला गेला आणि वाद उठला: सर्वांसाठी म्हणून उभारलेल्या वस्तूच्या चित्रावर हक्क कोणाचा? ‘सार्वजनिक’ या शब्दाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करून त्या पाण्याला हात लावावा लागला. उघड्यावर ठेवलेली वस्तू तेवढ्याने सर्वांची होत नाही. मेघद्वारापुढे मात्र पुसणारा कामगार आणि पाहुणा एकाच पत्र्यात उमटतात.

शिकागो दूर आहे, म्हणून जवळचा आरसा सांगतो. आपला पवई तलाव १८९१ साली बांधून झाला. त्याचा आरसा सपाट, म्हणून त्यात काठावरच्या इमारती लहानमोठ्या होत नाहीत, फक्त खाली डोके वर पाय अशा उभ्या राहतात. वारा असला की हे चित्र मोडते आणि जलपर्णी माजली की ते दिसतच नाही. पुढच्या फेरीत पहाटे, वारा पडलेला असताना जा. काठापासून जरा दूरच उभे राहा, तलावात मगरी आहेत. आणि जेथून जलपर्णी काढली गेली आहे तेथे पाहा: तेवढ्याच तुकड्यात आकाश दिसेल.